पापणीतली कामटी

डॉक्टरीणबाई मोठ्या माणसांना बोलूच देत नसत. सिल्वासातल्या त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मूल आलं, की आईबापांची रवानगी भिंतीकडच्या बाकावर. कुणी तिथून तोंड उघडलं, की म्हणायच्या, "डोळा तुमचा सुजलाय का? नाही ना? मग पेशंटला बोलू द्या."

मी त्यांची पेशंट झाले तेव्हा नऊ वर्षांची होते. उत्तरायणाला आमच्या डोकमर्डीच्या चाळीच्या गच्चीवर कटलेला पतंग पकडायला धावले आणि पतंगासकट तोंडावर आपटले. डावी पापणी फाटली. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, जखम भरली, पण सूज काही उतरेना. वर पू येऊ लागला. शेजारच्या मासींनी 'आंजणी छे' म्हणून लवंग उगाळून लावली. आई तिलाच रांजणवाडी म्हणे आणि शेक देई. शेवटी पप्पांनी गलोंड्याच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि मला बाईंकडे नेलं.

"रांजणवाडी शे, बाई," पप्पांनी बाकावरूनच सांगून टाकलं.

बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "काय गं, काय पकडत होतीस?"

"पतंग."

"मिळाला?"

"अर्धाच. त्याची बांबूची कामटी मोडली."

"मग उरलेली कामटी कुठाय?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "सापडली नाही," मी म्हणाले.

बाईंनी बॅटरी धरली, पापणी हलकेच चाचपली. "मला सापडली."

पप्पा ताडकन उठले. "आत? टाके घातले तवा कुणालाच दिसली नाही?"

"खोल शिरली असणार. भूल देऊन काढू. आणखी थांबलात तर डोळ्यावर बेतेल."

पप्पा कुणी न सांगताच खाली बसले. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत मात्र त्यांनी माझा हात सोडला नाही.

नखाएवढी कामटी निघाली. बाईंनी ती बाटलीत घालून दिली. पुढे आठवडाभर पप्पा ती खिशात घेऊन कारखान्यात हिंडले. मुकादमालाही दाखवली, डबा खाताना.

गेल्या वर्षी बाईंचंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखाना त्यांनी कधीच बंद केला होता. सामरवरणीला मुलाच्या घरी त्यांना भेटायला गेले, तर काळा चष्मा लावून त्या आपलं ऑपरेशन करणाऱ्या तरुण सर्जनला मार्क देत होत्या. "हात बरा आहे पोराचा. पण घाई फार. मी टेबलावरून सांगितलं, सावकाश!"

निघताना मला पोचवायला त्या दारापर्यंत आल्या. पायरीपाशी पाऊल अडखळलं आणि त्यांनी माझं मनगट पकडलं.

"धरू का, बाई?"

"धर," त्या हळूच म्हणाल्या. "पण मीच तुला धरलंय असं दिसू दे."