काजळनगरचे दिवे आणि माझं खोडरबर

पाचव्या भागाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं मी न वाचताच खोडून टाकलं. चूक म्हणायची तर ही. बाकी जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत, त्याला दुसरा शब्द आहे — त्याच्यापर्यंत येतोच आहे, जरा दम धरा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, वाचनालयाच्या पुस्तकातली पेन्सिल खोडली, त्यात काय एवढं? खरंच आहे. त्या वाचनालयात ‘पुस्तकात लिहू नये’ ही पाटीसुद्धा मीच रंगवली होती — आणि रंगाचा डबा सतरंजीवर सांडला होता, तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. म्हणजे बघा, मला खोडायचं ते खोडता येत नाही, आणि नको ते मात्र स्वच्छ खोडलं जातं.

कमानिया गेटजवळ एका भांड्यांच्या दुकानावर आमच्या मराठी मंडळाची खोली होती. नागपूरची राजधानी उठून भोपाळला गेली आणि नोकरीसाठी जबलपूरला आलेली आमची नागपूर-वर्ध्याकडची माणसं नकाशाच्या या बाजूला राहून गेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. रविवारी सकाळी त्या खोलीत यायचं, मराठी पुस्तक न्यायचं, थोडं मराठीत भांडायचं आणि घरी जायचं. मी आठवडाभर वीजखात्यात आणि रविवारी मानद ग्रंथपाल. मानद म्हणजे झाडूही मीच मारायचा.

त्या वर्षांत एक कादंबरी भागाभागानं येत होती — ‘काजळनगर’. सहा भाग, वर्षाला एक. नागपूरहून रेल्वे पार्सलनं एकच प्रत यायची. लेखकाचं नाव सांगत नाही. त्या भल्या माणसाला यात ओढायला नको. काजळनगर हे अंधारात बुडालेलं शहर. तिथल्या दिव्यांना तेल नाही, वात नाही. दिवेकरी येतो, दिव्याच्या तोंडाशी वाकतो, त्या शहराच्या भाषेतला एक शब्द पुटपुटतो, की दिवा लागतो. कायमचा. कसा लागतो, हे लेखक सांगत नव्हता. आणि ती भाषाही सरळ शिकवत नव्हता — इथे एक शब्द, तिथे एक. तिळव म्हणजे पाणी. ओरुम म्हणजे दार. सेन्हा म्हणजे बहीण. भाषेला नावसुद्धा नव्हतं. आम्हीच तिला ‘काजळी’ म्हणायला लागलो.

आता दहा-बारा मराठी माणसांच्या हाती असं काही पडल्यावर काय होणार? मंडळाचे अध्यक्ष होते एक वकीलसाहेब. त्यांचं ठाम मत, की काजळी म्हणजे उलटी वाचलेली गोंडी. मदन महलचा किल्ला गोंड राजांचा, मग भाषा दुसरी कुणाची असणार? त्यांना गोंडी येत नव्हती, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. माझा सिद्धांत आणखी थोर. धुवाधारचा धबधबा बघत मोठा झालेला आणि वीजखात्यात चिकटलेला माणूस मी — मी म्हणायचो, शहराच्या पोटात धबधबा आहे, त्यावर जनित्र बसवलंय, आणि दिवेकऱ्याचं पुटपुटणं हे सोंग. बटण त्याच्या पायाखाली असतं!

प्रत एक, भेट रविवारी अर्धा तास. वाद घालायचा कुठे? समासात. माझ्या पाटीखाली बसून लोक पेन्सिलीनं लिहायचे. ‘चूक. पान ८७ पाहा.’ त्याखाली दुसऱ्याचं: ‘पाहिलं. काही नाही.’ त्याखाली पहिल्याचं: ‘चष्मा लावून पाहा.’ मी दरडावायचो, आणि घरी नेऊन स्वतः लिहायचो.

तिसऱ्या भागात एक नवं अक्षर आलं. बारीक, उभं, टोकदार पेन्सिलीचं. त्यात टोमणे नव्हते. ‘पान ४० — दिवेकरी तिळव म्हणून दिवा लावतो. ४० नंतर पाण्याकडे नुसतं बोट दाखवतो. मुद्दाम?’ मग वीस पानांनी: ‘ओरुमचंही तसंच.’ आम्ही सगळे ज्याला लेखकाचा आळस समजत होतो, ते हा माणूस एकेक करून टिपत होता. आणि चौथा भाग सगळ्यांकडून फिरून शेवटी परत आला, तेव्हा त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, पानभर, त्याच अक्षरात लिहिलेलं होतं — दिवे तेलावर जळत नाहीत, शब्दावर जळतात. ज्या शब्दानं दिवा लागला तो शब्द शहरातून कायमचा जातो. म्हणून शहर उजळत चाललंय आणि मुकं होत चाललंय.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, इतकं ते खरं वाटलं. खाली दुकानात कुणाच्या तरी पातेल्यावर नाव घालत होते — टक, टक, टक. मी पुन्हा वाचलं. आणि पहिला विचार काय आला? ‘वा’ नाही. पहिला विचार आला — हे मला का नाही सुचलं?

अक्षर कुणाचं ते इतरांना माहीत नव्हतं. मला होतं. नोंदवहीतल्या सह्या माझ्याकडे होत्या. त्या होत्या मेश्रामबाई. मदन महल भागात राहायच्या, टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. मंडळातही तसंच. त्या बौद्ध घरातल्या. यावर आमच्याकडे कुणी कधी काही वावगं बोललं नाही — बोलायची गरजच नव्हती. व्यासपीठ ठरलेल्या चार घरांचं आणि मागची रांग बाकीच्यांची, हे न सांगता ठरलेलं होतं. त्या मागच्या रांगेत बसायच्या. पुस्तक बदलताना ‘अच्छा, चलते’ एवढंच म्हणायच्या. जे काय बोलायच्या ते समासात.

पाचव्या भागाच्या शेवटी लेखकानं एक निवेदन छापलं. दिव्यांचं रहस्य वाचकांनी ओळखून कळवावं. सर्वांत चांगलं पत्र सहाव्या भागात, पत्रलेखकाच्या नावासह, छापलं जाईल. नवा भाग नेहमीप्रमाणे आधी मी वाचला होता, म्हणून हे आधी मला कळलं. मग पुस्तक मेश्रामबाईंनी नेलं.

मी काय करायला हवं होतं? सोपं होतं. पुढच्या रविवारी म्हणायचं, ‘बाई, तुमचं ते पान पाठवा.’ पाच-सहा शब्द. त्यांनी कदाचित लाजून नाही म्हटलं असतं, कदाचित पाठवलं असतं. मी त्याऐवजी चौथा भाग घरी नेला, ते पान शब्दाला शब्द उतरवलं आणि टपालात टाकलं. माझं स्वतःचं त्यात एकच होतं — सही.

आणि मग भीती. वकीलसाहेबांनी चौथा भाग पुन्हा नेला तर? मी खोडरबर घेतलं. तिसरा भाग खोडला, चौथा खोडला. आणि त्या रविवारी मेश्रामबाईंनी पाचवा परत आणून दिला. त्या जिना उतरल्या न उतरल्या तोच वकीलसाहेबांचा खोकला खाली ऐकू आला — पाचवा भाग आता त्यांच्या पाळीचा होता. मी पुस्तक उघडलं. समास भरलेले होते. नेहमीपेक्षा जास्त. वाचायला वेळ कुठे होता? मी पानं उलटत गेलो आणि घासत गेलो. खाली टक, टक, कुणाचं तरी नाव पितळेवर चढत होतं, आणि वर मी. वकीलसाहेब आले तेव्हा टेबलावर रबराचा नुसता चुरा होता.

‘काय करून राहिले वैरागडे?’

‘साफसफाई, साहेब.’

‘बहुत अच्छा! नियम म्हणजे नियम.’

एक गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती सांगताना सगळ्यांत जड जातंय. ते लिखाण वकीलसाहेबांचं असतं तर मी खोडलं असतं का? नसतं. हातच धजला नसता. हात धजला, कारण मला पक्कं माहीत होतं की मेश्रामबाई तक्रार करणार नाहीत, आणि केली तर तिथे त्यांच्या बाजूनं उभं राहणारं कुणी नाही. हे मी तेव्हा मनात शब्दांत मांडलं नव्हतं. पण हाताला माहीत होतं.

सहावा भाग आला. पहिल्याच पानांवर माझं पत्र, खाली नाव, गावासकट. लेखकानं एवढंच लिहिलं होतं — हे वाचक बरोबर की चूक, ते शेवटच्या प्रकरणात. पण छापलेलं आपलं नाव दिसल्यावर पुढचं पुस्तक वाचतो कोण? मी तसाच वकीलसाहेबांकडे धावलो. पुढच्या रविवारी शाल, श्रीफळ आणि माझं व्याख्यान. मी फळ्यावर तक्ता काढला. कोणता शब्द कुठे गेला, शहर कसं मुकं झालं. लोक माना डोलवत होते. मग वकीलसाहेबच उठले. ‘पण वैरागडे, त्या नावाड्याचं काय? तो तर पलीकडच्या काठावरून पाचव्या भागातही तिळव, तिळव करून ओरडून राहिला.’

मी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणालो — ‘मुद्रणदोष, साहेब.’

मागच्या रांगेत मेश्रामबाईंनी मान खाली घातली. त्या हसल्या की काय झालं, मला दिसलं नाही. टाळ्या मात्र त्यांनीही वाजवल्या. सगळ्यांसारख्या.

घरी जाऊन शेवटचं प्रकरण वाचलं. म्हातारा दिवेकरी आपल्या दिव्यांच्या उजेडात बसला आहे. त्याला बहिणीला हाक मारायची आहे आणि तोंडातून शब्दच येत नाही. बाजूलाच गल्लीतली पोरं मात्र खुशाल ‘सेन्हा, सेन्हा’ करत पळताहेत. शब्द शहरातून जातच नव्हता. जो दिवा लावतो, त्याच्याच तोंडून जायचा. बाकी सगळ्यांकडे तो शाबूत होता. नावाड्याकडे, पोरांकडे, सगळ्यांकडे. म्हणजे माझं पत्र चूक. मी मनात म्हटलं, लेखक फारच हुशार निघाला. मेश्रामबाईंनाही हे कळलं नव्हतं. आणि खरं सांगू? मला जरा बरंही वाटलं. वाटलं, चला, चूक तर बाईंचीच होती, आपण फक्त ती पोचवली.

त्यानंतर मेश्रामबाई काही महिने पुस्तकं नेत राहिल्या. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी उघडून पाहायचो. समास कोरे. एक टिंबसुद्धा नाही. मग त्या यायच्याच बंद झाल्या. पुढे वाचनालय बंद पडलं आणि ते सहाही भाग मी घरी आणले. टणक पेन्सिल खोडली तरी कागदावर खळी राहते. पान उन्हात तिरपं धरलं की अक्षरं दिसतात. चौथ्या भागात ती दिसली होती मला. म्हणून पाचवा भाग मी कपाटातून कधी काढला नाही.

मग परवा माझी नात फोन आपटून आली. तिला मराठी समजतं सगळं, बोलते अर्धं. तीही असल्याच जादूच्या कादंबऱ्यांच्या मागे असते. फोनवर जगभरची पोरं बनावट भाषांवर आणि जादूच्या यंत्रांवर सिद्धांत लढवत असतात, तशी ही. हिनं महिनाभर खपून काही शोधलं होतं आणि कुणीतरी ते आपल्या नावानं टाकलं. ‘आजोबा, चोर है वो! सीधा चोर!’

सुरुवातीला म्हटलं ना, दुसरा शब्द आहे म्हणून? हाच तो. मी तिला ‘जाऊ दे बेटा’ म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो.

त्याच आठवड्यात विजय नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डोळ्यांत औषध घालून बसवलं होतं, समोरचं सगळं धुकट. मी नर्सला काहीतरी विचारलं, तर शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, ‘वैरागडेजी ना? आवाजावरून ओळखलं. आवाज नाही विसरत मी, नोकरीच तशी होती.’

मला चेहरा दिसत नव्हता. बरंच झालं. मी सुरुवात केली. आधी वाचनालयाची चौकशी, मग भांड्यांच्या दुकानाची, मग हवापाण्याची, मग म्हटलं, बाई, एक सांगायचं होतं, ते काजळनगरचं — ते चौथ्या भागातलं पान — आणि गाडी तिथेच अडकली. मी दोनदा खाकरलो.

‘माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे, नंबर जोडून द्यावा तशा. ‘ते चौथ्यातलं चुकलं होतं माझं. नावाड्यावरून ध्यानात आलं, मग पाचव्यात सगळं दुरुस्त करून लिहिलं होतं.’

आत त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या, काठी चाचपली, आणि जाता जाता म्हणाल्या —

‘काहून जी, खोडायच्या आधी वाचून तर घ्यायचं!’