‘आमचे जुने कारागीर’

शिनोलीच्या आमच्या घरात वडील मागावर घोंगड्या विणत. त्यावरच मी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत पोचलो. घरात एवढं शिकलेला मी पहिलाच. तेव्हा सोशल साइट नव्याने आल्या होत्या. तिथे मी आमच्या घोंगड्यांची जाहिरात केली. धंदा मोठा दिसावा म्हणून माझ्या फोटोखाली ‘मालक’ लिहिलं आणि मागावर बसलेल्या वडिलांच्या फोटोखाली ‘आमचे जुने कारागीर’.

एका रविवारी पुण्याचे एक गृहस्थ ती जाहिरात पाहून घरी आले. वडील घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होते. मी आतून बाहेर आलो, तेवढ्यात गृहस्थ त्यांना म्हणाले, “तुम्ही ते जुने कारागीर ना? फोटोवरून ओळखलं. मालक कुठे आहेत?”

वडिलांना वाचता येत नव्हतं. मी काय लिहिलं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हे काय, आलंच की मालक. बसा पावणं,” म्हणत त्यांनी हात धुतले आणि पाहुण्यांना पाणी आणून दिलं.

‘हे माझे वडील’ एवढंच म्हणायचं होतं. मी घोंगड्यांचे भाव सांगत राहिलो.

पाहुणे गेल्यावर मी घोडेगावच्या नेट कॅफेत जाऊन फोटोखाली ‘माझे वडील’ असं लिहिलं. घरी येऊन त्यांना सांगितलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “पर पावणं व्हतं तवा तोंडानं म्हणायचं व्हतं, राव.”

त्यांच्या हयातीत जाहिरात पाहून पुन्हा कुणी घरी आलं नाही.