पाच हजारांचं वारंट
सोमवारची सकाळ, रक्कम पाच हजार रुपये, हजर तिघं: मी, बायको आणि दारात उभा असलेला पोलीस शिपाई. त्याच्या हातातल्या हिंदी कागदावर माझं नाव होतं आणि वर ‘जमानती वारंट’ असे शब्द, खाली पाच हजारांचा आकडा. जैनाबादच्या रस्त्यावर झालेल्या एका अपघाताचा मी साक्षीदार होतो. कोर्टाचं समन्स कागदाच्या कारखान्यातल्या आमच्या जुन्या क्वार्टरवर गेलं आणि माझी तारीख चुकली. वारंट म्हणजे आता आपल्याला नेणार, एवढंच मला कळत होतं. बायकोने पिशवीत टॉवेल, लुंगी आणि माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या भरल्या. मी कपाटातले पाच हजार दोनदा मोजून शिपायापुढे धरले, तसा तो दोन पावलं मागे सरला. “अरे बाबूजी, नौकरी खाओगे क्या मेरी? अंदर रखो पहले!” आता लाच दिल्याचा गुन्हाही लागणार, या भीतीने मी नोटा पाठीमागे लपवल्या. माझा चेहरा पाहून तो नरमला. जमानती म्हणजे पुढच्या तारखेला येतो असं लिहून द्यायचं, एका जामीनदाराची सही द्यायची. आलो नाही, तरच पैसे भरायचे, असं त्याने समजावलं. “मग आधी सांगायचं ना भाऊ, मी पंधरा दिवसांच्या गोळ्या भरल्या,” बायको म्हणाली. शेजाऱ्याने सही केली, तारखेला माझी साक्षही झाली. अजूनही सकाळी दारावर थाप पडली की माझा हात आधी गोळ्यांकडे जातो. पाच हजार कपाटातच राहिले. शेवटी दिले ते वीस रुपये, आमच्या लोधीपुऱ्याहून कोर्टात सोडणाऱ्या रिक्षावाल्याला.