खोडावरच्या गाठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या हिलासुद्धा नाही – आणि हिच्यापासून आमच्या घरात दुसरं काही लपलेलं नाही, हे सगळे जाणतात.

मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. नोकरी मात्र केली फॅक्टरीच्या भांडारात, खिळे-नटांच्या सोबतीने. त्यामुळे शिकलेलं सगळं लग्नाकार्यांत नातेवाइकांवर ओतायचो. हातात श्रीखंडाची वाटी, तोंडात अल्कलॉइड! लोक ऐकायचे. बहुधा श्रीखंडासाठी थांबलेले असायचे.

कोरोनाच्या दिवसांत अख्ख्या जबलपुरात ज्याच्या-त्याच्या तोंडी गिलोय, म्हणजे आपली गुळवेल. गढ्याला दादाच्या अंगणात कडुनिंबावर एक वेल चढली होती. नीमावर चढलेली गुळवेल सगळ्यात अस्सल, असा आपला समज. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नीट पाहून सांगा हं. यांना रोज द्यायची आहे."

नीट? मी ओट्यावर बसूनच पानं पाहिली. विड्याच्या पानासारखी, बरोबर. मग काय – जमलेल्या घरच्या-शेजारच्यांसमोर बर्बेरीन, कडू द्रव्यं, खोड आडवं कापलं की चाकातल्यासारखे दिसणारे आरे, सगळं झालं. "बोटभर तुकडा उकळा आणि डोळे मिटून द्या," म्हणालो. डोळे मिटले होते मी.

काही दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा सहज त्या झाडाखाली उभा राहिलो. गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते. हिच्या खोडावर चामखिळींसारख्या गाठीच गाठी. ही गुळवेलीची बहीण – दिसायला तशीच, पण हिची कडू द्रव्यं यकृताला झेपत नाहीत, असं मी वाचलेलं होतं. मला शंका आली, असं म्हणू का? नाही. मी ओळखली. तिथेच, उभ्या-उभ्या.

मग? मग आत जाऊन पोहे खाल्ले. दादा समोर बसून काढा पीत होता, तोंड वाकडं करत. इतक्या लोकांसमोर दिलेलं व्याख्यान परत कसं घ्यायचं – डोक्यात एवढंच.

दादाचे डोळे पिवळे झाले. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी काढा बंद करवला. कोणती वेल, असं विचारलं, तेव्हाही मीच पुढे होऊन सांगितलं, "जी, गिलोय." घरी आल्यावर आई वहिनींवर घसरली. "काहून गं? बोटभर सांगितली तर तू वीतभर उकळून राहिली होती का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजी काहीतरी बोलतील, असं वाटलं असेल. बोललो ना. लग्नातल्या त्याच आवाजात म्हणालो – "वेल तर अस्सल आहे. प्रमाण चुकलं असेल, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मी ती वेल मुळासकट उपटून टाकली. "नकोच ती ब्याद," म्हणत. आईला माझं कोण कौतुक!

दादा बरा झाला. वहिनी मात्र त्यानंतर त्याला साधं आल्याचं पाणी द्यायचं झालं, तरी डॉक्टरांना फोन करतात. परवा त्यांच्या नव्या सुनेने खोकल्यासाठी तुळशीचा काढा मागितला. वहिनी हसून म्हणाल्या, "मला नको सांगू बाई. माझा हात जड आहे."

दादाही हसला. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मीही हसलो.