उघड्या दारावर ‘घर बंद’

पार्सल वाटणाऱ्या त्या गड्याला सगळे भोंगा म्हणायचे. कोपऱ्यावर गाडी लावून त्याने “पारसाऽऽल!” अशी आरोळी ठोकली, की तिसऱ्या मजल्यावरची माणसं हातातलं काम टाकून खाली यायची. बेल वाजवणं त्याला कमीपणाचं वाटे. “देवाने गळा काय मफलर गुंडाळायला दिलाय?” म्हणायचा.

अशा माणसाला तोंडात मिठाची गुळणी धरायची पाळी आली ती साडूमुळे.

झालं असं, की जड माल उचलायला मिळणारा जोडीदार कंपनीने काढून टाकला. कपाट असो नाहीतर वॉशिंग मशीन, एकट्याने पाठीवर घ्यायचं आणि जिना चढायचा. गोदामातल्या दोघांच्या पाठी कायमच्या गेल्या. भोंग्याला तर शिंक आली तरी भिंत धरावी लागे. अर्ज झाले, विनवण्या झाल्या, साहेब ढिम्म. मग साडूने सगळ्यांना गोदामामागे गोळा केलं. साडू म्हणजे भोंग्याच्या थोरल्या मेव्हणीचा नवरा. तोही पार्सलंच वाटायचा, पण जिभेला अशी धार की गोदामात सगळे त्याला वकील म्हणत.

“नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही,” वकील म्हणाला. “उघड संप केला तर उद्या आपल्या जागी दुसरे उभे. तेव्हा माल घेऊन निघायचं, दारापर्यंत जायचं, मोबाईलवर ‘घर बंद’ दाबायचं आणि माल परत आणायचा. गोदाम छताला टेकलं की साहेब स्वतः बोलायला येईल.”

“सगळ्यांनी ना?” भोंग्याने विचारलं.

“सगळ्यांनी. लेकरांची शपथ!”

दुसऱ्या दिवसापासून भोंगा मुका झाला. दारं उघडी, आतून माणसांचा आवाज येतोय, आणि हा उंबऱ्याबाहेर चोरासारखा उभा राहून बटण दाबतोय. शिवणकाम करणारी मावशी तर खिडकीतच बसलेली. तिच्या मशीनची मोटर जळली होती, नवी मागवलेली. शाळा उघडायच्या आत पोरांचे गणवेश द्यायचे होते. तिने त्याला बटण दाबताना बघितलं.

“काय रे, माझं आलं का?”

“घर बंद आहे, मावशी.”

“अरे मी इथे धोंड्यासारखी बसलेय! घर बंद की तुझी अक्कल बंद?”

भोंगा मान खाली घालून निघाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला मावशी ओरडली नाही. हात मशीनवर ठेवून सावकाश म्हणाली, “गणवेशाचं काम गेलं बाबा. आता तू आण नाहीतर आणू नकोस. पुलापलीकडे माझी बहीण राहते. तिचं पार्सल तुझ्या साडूने परवाच आणून दिलं. वर ‘मावशी, पाणी द्या’ म्हणून पाणीही पिऊन गेला. माझंच नशीब फुटकं.”

भोंग्याने गाडी तशीच गोदामाकडे वळवली. एकेक कप्पा बघत गेला. सगळ्यांचे रिकामे. माल साठला होता तो एकाच्या कप्प्यात, त्याच्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

वकील दाराशीच भेटला.

“तुम्ही सगळे माल वाटत होता, साडूभाऊ?”

“हळू बोल गड्या. तुझा ढीग दाखवूनच साहेबाला वाकवला मी. म्हटलं, एकाने केलं, उद्या सगळे करतील. जोडीदार परत देतोय तो! थोडी कळ काढ. फक्त माझं नाव घेऊ नकोस, घरातली गोष्ट आहे.”

सकाळी साहेबाने बोलावलं. “खोट्या नोंदी केल्यास. कुणी शिकवलं? नाव सांग, नोकरी ठेवतो.”

भोंग्याच्या डोळ्यांपुढे मेव्हणी आली, तिची पोरं आली. तो म्हणाला, “कुणी नाही.”

“तुझा साडूही तेच म्हणाला,” साहेब उठत म्हणाला. “त्यानेच सांगितलं की ही तुझी एकट्याची खोड आहे, तुला काढलं तर कुणी हूं की चूं करणार नाही. मोबाईल ठेव आणि जा.”

बाहेर दहा-बाराजण उभे होते. एकाला बुटाची नाडी बांधायची होती, एकाला आभाळ बघायचं होतं.

तो घरी न जाता मावशीकडे गेला आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं.

“त्यांनी तुझा केसाने गळा कापला, खरं आहे,” ती म्हणाली. “आणि माझा कुणी कापला?”

तेवढ्यात दारात दोघे आले. एक वकील, दुसरा त्याला नव्याने मिळालेला जोडीदार. मोटरचा खोका एका हाताने उचलावा एवढा, पण दोघांनी दोन टोकांना धरला होता. वकिलाने वर बघितलंच नाही.

जोडीदार नवखा, त्याला काय ठाऊक? तो भोंग्याला म्हणाला, “जरा बाजूला व्हा दादा, जड आहे.”

भोंगा बाजूला झाला.