दुमडीतलं तांबं

त्या वर्षी लालबागेत भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा होत्या आणि अनोळखी माणूस दिसला की तो पोलिसांचा खबऱ्याच वाटायचा. मी तर मुळातच संशयी. म्हणून मारुतीच्या देवळाच्या कमिटीनं तांब्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे दिलं. देवळावर तांब्याचं छप्पर चढायचं होतं. त्यासाठी चाळीतल्या बायकांनी घरातले हंडे, घंगाळं काढून दिली होती, आणि ती वितळवून कारखान्यातून तीस पत्रे आले होते. त्यातला एक जरी गेला असता तर त्या बायकांना मी काय तोंड दाखवणार होतो?

पत्रे बसवायला परळचा कुशाबा तांबट आला. पन्नाशीचा, अबोल. अबोल माणसाचा मला भरवसा नाही. रोज संध्याकाळी मी त्याची पिशवी तपासायचो. तो मुकाट्यानं उघडून धरायचा, आणि मला त्याचाही संशय यायचा. कातरलेले तुकडे तर मीच वेचून कारखान्याला परत पाठवायचो.

शेवटचा पत्रा बसला तसा मी टेप घेऊन वर चढलो. दोनदा मोजलं. परत पाठवलेले तुकडे धरूनही माप भरलं सव्वीस पत्र्यांचं!

"चार पत्रे कुठं गेले?" मी वरूनच ओरडलो. खाली बायका जमल्या.

"दुमडीत हायत, मास्तर," कुशाबा म्हणाला. "तांबं उन्हात वाढतं, खिळं मारून नाय चालत. कडेत कड दुमडून बसवायची."

"उघडून दाखव."

"उघडतो. पण ती कड परत दुमडली का चिरंल."

"चोराच्या मनात चांदणं!" मी म्हणालो.

त्यानं खाली बायकांकडे पाहिलं आणि छिन्नी घातली. दुमड उलगडली. आत चार बोटं तांबं निघालं. प्रत्येक पत्र्याला तेवढंच धरलं तर तिसांचं मिळून चार पत्रे. हिशेब जुळला. कड परत दाबताना मात्र वीतभर चिरली, तीही नेमकी खालच्या मूर्तीच्या डोक्यावर येईल अशी. ठिगळाला तुकडा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा आला तर पिशवी जड. सवय कुठली जायला! मी ती हिसकून उघडली. आत तांब्याचा पत्रा, ठोकून सपाट केलेला.

"घरची कळशी हाय," तो म्हणाला. "चिरलंय तितं बसवतो."

पत्र्याच्या कडेला टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, सुंदराबाई कुशाबा तांबट. मी पिशवी त्याच्या हातात दिली. माझ्या घरातून देवळाला एक भांडंही गेलं नव्हतं.