काळी दोनचे सर

पालघर ते तारापूर या पट्ट्यात घशाची आमच्या सरांइतकी काळजी करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. बोईसरच्या एका लॅबमध्ये मी वीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे, घाबरट माणसं मला रोज भेटतात. पण भर मे महिन्यात गळ्याला मफलर, खिशात ज्येष्ठमधाची काडी आणि हातात कोमट पाण्याचा थर्मास घेऊन फिरणारे आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे सर एकटेच.

कारखान्यातली नोकरी सांभाळून त्यांनी चिंचणीपासून डोंगरातल्या पाड्यांपर्यंत ख्रिस्ती भक्तिगीतांचे कार्यक्रम केले. पुढे चर्चमध्ये शिकवू लागले. सरावाआधी आम्हा सोळा जणांना ओळीने उभं करून मोबाईलच्या उजेडात घसे तपासायचे. कुणाच्या जिभेवर बर्फाच्या गोळ्याचा रंग दिसला की त्या रविवारी त्याने नुसती पानं उलटायची. जगातला प्रत्येक आवाज ते पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत मोजत. दांडी गावची मासेवाली दारात ओरडली की म्हणत, "बाई, काल काळी तीन होती, आज चारला गेलात. घसा जपा." ती टोपली उतरवून म्हणायची, "मास्तर, गला माजा हाय. तुमी बोंबील घेता का नाय, तेवडं सांगा." सर बोंबील घेत आणि वर तिला ज्येष्ठमध देत. ते चघळत ती पुढच्या दारात आणखी वरच्या पट्टीत ओरडे.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात नेमका सरांचाच आवाज बसला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, पण महिनाभर अक्षरही बोलायचं नाही, नाहीतर ऑपरेशन. गुड फ्रायडे तीन आठवड्यांवर आलेला. त्याच्या आदल्या संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे कुठलंही वाद्य वाजत नाही, कीबोर्डवर कापड पडतं. गुड फ्रायडेची गाणी नुसत्या गळ्यावर म्हणायची आणि पहिला सूर सरांनी द्यायचा. तीस वर्षं ते कशाचाही आधार न घेता काळी दोन देत आलेले. सूर वर गेला तर शेवटच्या कडव्यात बायका किंचाळतात, खाली गेला तर पुरुष पुटपुटतात, आणि भरल्या चर्चमध्ये मध्येच थांबून दुरुस्ती करता येत नाही.

मी म्हटलं, "सर, अंगणात जाऊन मोबाईलवर ऐकून येईन."

सरांनी पाटीवर लिहिलं, 'मोबाईलही वाद्यच.' मग पुसून, 'तू देशील.'

"मी मागच्या रांगेतली, सर."

'तू घाबरत नाहीस.'

हा त्यांचा गैरसमज होता, पण तो दूर करायला वेळ नव्हता.

मग सर कुठेही उगवू लागले. भाजीच्या गाडीपाशी, रिक्षा स्टँडवर. पाटी वर करायचे, 'सा?' मी गुणगुणायचं, त्यांनी पिशवीतला चिमुकला कीबोर्ड दाबून पाहायचा आणि बोट वर किंवा खाली करायचं. एकदा मी लॅबमध्ये एका कामगाराच्या दंडाला पट्टा बांधून सुई धरलेली, आणि काचेपलीकडे पाटी. मी गुणगुणले. कामगार हात आखडून म्हणाला, "दीदी, पहले सुई लगा लो, गाना बाद में." बाहेर सरांचं बोट खाली. मी पूर्ण एक पट्टी वर गेले होते.

पोळ्या लाटताना, स्कूटरवर, नळीवर नाव लिहिताना डोक्यात तोच सूर, आणि ऐन वेळी तो निसटला तर, ही धास्ती. फाजील काळजी करणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. त्या तीन आठवड्यांत मीही ज्येष्ठमध चघळत होते.

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता चर्च खच्चून भरलं होतं. सर आमच्यासमोर उभे, ओठ घट्ट मिटलेले. मी श्वास घेतला आणि सूर दिला. सगळ्यांनी तो उचलला. सरांनी पहिली ओळ डोळे मिटून ऐकली, दुसरीला हात खाली घेतले. मग ते सावकाश वळले आणि पहिल्या बाकावर चारचौघांसारखे जाऊन बसले. शेवटचं कडवं कुणीही न किंचाळता पार पडलं.

पुढे गाठ विरली. सर बोलू लागले, पण गायला लागले की वरच्या सुरांना आवाज फाटतो. परवा सराव संपल्यावर मी विचारलं, "सर, पुढच्या गुड फ्रायडेला तुम्हीच द्याल ना?"

सर पानं गोळा करत होते. ती त्यांनी दोनदा सारखी केली.

"बघू," म्हणाले.